फळ्यावरचा भूमध्य समुद्र

तीस वर्षे मी जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवला. त्यात एक धडा ठरलेला असे, भूमध्य सागरी हवामानाचा. फळ्यावर खडूने आडवा, लांबट समुद्र काढायचा, वर युरोप, खाली आफ्रिका. मग मुलांकडून घोकून घ्यायचे : उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात, पिके ऑलिव्ह, द्राक्षे, लिंबू, संत्री. हिवाळ्यातला पाऊस आमच्या बीडच्या मुलांना पटत नसे. एकदा एक मुलगा उभा राहून म्हणाला, "बाई, हिवाळ्यात पाऊस पडला तर ज्वारी काळी पडंल की!" वर्ग हसला, मीही हसले. खरे सांगायचे तर मलाही ते कुठे दिसले होते? माझा समुद्र म्हणजे सहलीत एकदा पाहिलेली चौपाटी आणि हजला जाताना विमानाच्या खिडकीतून दिसलेले जेद्दाचे पाणी.

निवृत्त झाल्यावर, गेल्या मे महिन्यात, तो फळ्यावरचा समुद्र मी डोळ्यांनी पाहिला.

मुलगा अबुधाबीला नोकरीला आहे. त्याने आम्हा दोघांसाठी, सून आणि नऊ वर्षांच्या नातीसह, जहाजाची सात रात्रींची सहल ठरवली. बार्सिलोनाहून निघायचे, रोज एक बंदर, दिवसभर फिरायचे आणि संध्याकाळी जहाजावर परत. आधी मी नाहीच म्हटले. एवढा पैसा फिरण्यावर घालवणे म्हणजे इस्राफ नाही का, हा प्रश्न मनातून जाईना. गल्लीतल्या बायकांनीही विचारले, "हज झाला, आता सैर का?" मुलगा म्हणाला, "अम्मी, तू मला नकाशा शिकवलास. तो एकदा बघून तरी घे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

जहाज म्हणजे पाण्यावर तरंगणारे तालुक्याचे गावच. जेवणाची फार अडचण झाली नाही. मासळी होती, भाजी होती, फळे होती. नमाज खोलीतच पढायचो. आयुष्यभर बीडमध्ये पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढलेली मी. इथे किब्ला आग्नेयेला. पहिल्या दिवशी मुसल्ला अंथरताना क्षणभर सगळी पृथ्वी डोळ्यांसमोर फिरली. शिकवणे वेगळे आणि त्या दिशेला प्रत्यक्ष वळणे वेगळे.

आमची खोली झाडायला, चादरी बदलायला येणारा मुलगा पंचविशीचा असेल. दुसऱ्या दिवशी मी नातीला ओरडले तेव्हा तो दारातच थबकला. "तुम्ही महाराष्ट्रातल्या काय, मॅडम?" तो दाभोळचा निघाला. कोकणातल्या मुस्लिम घरांत जहाजावरची नोकरी नवी नाही; त्याचे आजोबा, मामा सगळे दर्यावर्दी. त्याची कोकणी बोली आणि माझी बीडची दखनी एकमेकींना नीट कळेनात, तेव्हा शाळेतली मराठीच दोघांच्या कामी आली. त्या दिवसापासून मी मॅडमची चाची झाले.

चौथ्या दिवशी जहाज फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर व्हिलफ्राँश नावाच्या बंदरात थांबणार होते. शेजारी नीस, पलीकडे मोनाको. या किनाऱ्याला 'कोत दाझ्यूर' म्हणतात, म्हणजे निळा किनारा. हे नाव फार जुने नाही. एका फ्रेंच लेखकाने १८८७ साली आपल्या पुस्तकाला ते दिले आणि किनाऱ्यालाच चिकटले. सिनेनट, राजेरजवाडे, धनाढ्य लोक यांचा हा किनारा.

आदल्या रात्री सून माझ्याजवळ येऊन बसली. ती पुण्यात वाढलेली, संगणकाच्या कंपनीत नोकरी करणारी, मनाने चांगली मुलगी. जरा चाचरत म्हणाली, "अम्मी, उद्या बीचवर जायचंय. तिकडे लोक कसे बघतील सांगता येत नाही. स्कार्फऐवजी ही टोपी घातली तर? केस झाकलेच जातील." तिने पिशवीतून रुंद काठाची गवती टोपी काढली.

तिची भीती हवेतली नव्हती. २०१६ साली १४ जुलैला, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनी, नीसच्या किनाऱ्यावर एकाने ट्रक गर्दीत घातला. ८६ माणसे मेली. त्यांत अनेक मुस्लिम होते, ईदसारखाच तो दिवस साजरा करायला आपल्या लेकरांना घेऊन आलेले. पुढच्याच महिन्यात नीससह त्या किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांनी अंगभर पोहण्याच्या पोशाखावर बंदी घातली. त्यांतल्या एका गावाची बंदी फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २६ ऑगस्टला स्थगित केली. चेहरा झाकणाऱ्या बुरख्याला तिथे २०१० च्या कायद्याने मनाई आहे, पण रस्त्यावर डोक्याला स्कार्फ बांधायला नाही. हे सगळे सुनेलाही माहीत होते, मलाही. तरी कायदा वेगळा आणि नजर वेगळी.

मी टोपी घेतली नाही, रागावलेही नाही. एवढेच म्हणाले, "बेटा, तुम्ही जाऊन या. मी जहाजावरच थांबते." रात्रभर डोळा लागला नाही. आपण पोरांना अडचण होतोय की काय, हा विचार म्हातारपणी फार बोचतो.

सकाळी दाभोळचा मुलगा टॉवेल घेऊन आला. मला खिडकीपाशी बसलेली पाहून म्हणाला, "चाची, तयार नाही झालात?" मी म्हटले, "गुडघे दुखतायत." तो खिडकीची काच पुसू लागला. बाहेर अर्धगोल खाडी, डोंगराच्या उतारावर पिवळी, तांबडी घरे. पुसता पुसता म्हणाला, "या बंदरात मी सतरा वेळा आलोय. अजून खाली उतरलो नाही. इथे जहाज धक्क्याला लागत नाही ना; छोट्या बोटींतून आधी प्रवासी जातात. आमची सुट्टी व्हायच्या वेळेला बोटी परतायला लागतात." मग जरा हसून म्हणाला, "वरच्या रस्त्यावरून आपलं जहाज कसं दिसतं, ते तेवढं बघून मला सांगा. मी घरी सांगेन."

सतरा वेळा! माझ्या डोळ्यांपुढे एकदम माझा वर्ग उभा राहिला. दसरा झाला की आमच्या शाळेची पटसंख्या गळायची. मुकादमाकडून उचल घेतलेले आईबाप ऊसतोडीला निघायचे, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि ट्रकवर भांड्याकुंड्यांबरोबर पोरेही. उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायची. एकदा नकाशाच्या तासाला मी विचारले, "कोल्हापूर कुणी पाहिलंय?" एका मुलीने हात वर केला. मी खूश होऊन विचारले, "काय पाहिलंस गं?" ती म्हणाली, "ऊस." चार हंगाम कोल्हापूरला जाऊन आलेली पोर. तिने रंकाळा पाहिला नव्हता, बाजारपेठ पाहिली नव्हती. फड, कोपी आणि गाडी, एवढेच तिचे कोल्हापूर.

मी उठले, स्कार्फ नीट बांधला आणि सुनेला म्हटले, "चल, मी पण येते."

बोटीतून उतरलो तो समोर जुना दगडी किल्ला. बंदर छोटे, पण इतिहास मोठा. १५४३ साली उस्मानी आरमाराचा सरदार खैरुद्दीन बार्बारोसा याच खाडीत उतरला होता आणि त्याने नीसला वेढा घातला होता. गंमत अशी की त्याच्या बाजूने लढायला फ्रान्सचा राजाच होता. नीस तेव्हा फ्रान्सचे नव्हते, सव्हॉयच्या ड्यूकचे होते. ते फ्रान्सकडे आले १८६० मध्ये. इस्लाम एका बाजूला आणि युरोप दुसऱ्या बाजूला, असा सरळ इतिहास इथेही नाही, जसा आपल्या दख्खनमध्येही नाही.

ह्यांना मोनाको बघायचे होते. चौतीस वर्षे एस. टी.च्या डेपोत मेकॅनिक म्हणून काढलेला माणूस. तिथल्या राजघराण्याने जमवलेल्या जुन्या मोटारींचे संग्रहालय आहे असे कळल्यापासून दुसरे काही बोलत नव्हते. बाप-लेक तिकडे गेले. आम्ही तिघी, मी, सून आणि नात, आगगाडीने नीसकडे निघालो. दहा मिनिटांचाही प्रवास नाही.

तेवढ्या वेळात मी खिडकीतून माझा धडा तपासून घेतला. उतारावर ऑलिव्हची राखाडी-हिरवी झाडे, अंगणांत लिंबे लटकलेली. सगळे पुस्तकातल्यासारखे. पुस्तकात नव्हती ती गोष्ट अशी : नीसला वर्षाला पाऊस पडतो साधारण साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास. आपल्या बीडची सरासरीही सहाशे-सातशेच्या घरात. म्हणजे आकाशातून येणाऱ्या पाण्यात जमीन-अस्मानाचा फरक नाही. फरक आहे तो डोंगराचा. आपला सह्याद्री पाऊस पलीकडेच अडवतो आणि आपल्याला पर्जन्यछायेत ठेवतो. त्यांच्या पाठीशी आल्प्स. तो हिवाळ्यात बर्फ साठवून ठेवतो आणि उन्हाळ्यात नद्यांना पाणी देतो. एक डोंगर दार लावतो, दुसरा डोंगर रांजण भरून ठेवतो.

नीसच्या समुद्रकाठाने सुमारे सात किलोमीटर लांबीचा रुंद पायरस्ता आहे, प्रोमेनाद देझ आँग्ले. इंग्रजांचा फिरण्याचा रस्ता, असा त्याचा अर्थ. एका बाजूला ताडांची झाडे आणि पांढरी हॉटेले, दुसऱ्या बाजूला निळेशार पाणी. बसायला निळ्या खुर्च्या. किनाऱ्यावर वाळू नाही, गोल गुळगुळीत गोटे. ट्रकखाली गेलेल्या त्या माणसांचे स्मारकही याच रस्त्यावर आहे. त्यांच्यासाठी मनात दुआ केली.

नात केव्हाच पाण्याकडे धावली होती. मी खुर्चीवर बसले, पण अंग चोरून. कुणी बघतेय का, हे बघण्यातच माझा अर्धा वेळ गेला. मग खाली गोट्यांवर मला एक बाई दिसली. माझ्याच वयाची, डोक्याला फुलांचा रुमाल घट्ट बांधलेला, ट्युनिस-मोरोक्कोकडची असावी. नातवंडांना भोवती बसवून पावाचे तुकडे करून देत होती. पाय पाण्यात सोडलेले. शेजारी उघड्या अंगाने ऊन खाणारी माणसे होती. ना ती त्यांच्याकडे बघत होती, ना ते तिच्याकडे. तिची माझी नजर झाली. मी सलाम केला. तिने छातीवर हात ठेवून उत्तर दिले आणि जवळची जागा हाताने थोपटली. मी खाली उतरले, चपला काढल्या आणि तिच्या शेजारी बसून पाय पाण्यात सोडले. मे महिना असूनही पाणी चांगलेच गार होते. आमची भाषा सलामापलीकडे जाईना. तिने मला पाव दिला, मी तिच्या नातवाला पिशवीतली शेंगदाण्याची चिक्की दिली. झाले, एवढीच ओळख.

सून वर बसून फोनवर त्या रस्त्याची माहिती वाचत होती. मी परत आल्यावर म्हणाली, "अम्मी, गंमत ऐका. हा रस्ता कसा झाला माहितीये? दोनशे वर्षांपूर्वी, १८२० च्या दशकाच्या सुरुवातीला, इथे कडाक्याची थंडी पडली. संत्र्यांच्या बागा गेल्या, लोकांचं काम गेलं, शहरात भिकाऱ्यांची रांग लागली. हिवाळा काढायला येणारे श्रीमंत इंग्रज इथे राहत होते. त्यांच्या पाद्र्याने वर्गणी गोळा केली आणि म्हटलं, नुसती भीक नको, काम देऊ. मग त्या उपाशी लोकांनी समुद्राकाठची ही वाट बांधली."

मी तिच्याकडे बघतच राहिले. म्हटले, "बेटा, म्हणजे हे दुष्काळी काम आहे."

"दुष्काळी काम म्हणजे?" तिने विचारले.

तेव्हा मला कळले की लग्नाला अकरा वर्षे झाली, पण मी हिला माझ्या अम्मीची गोष्ट कधी सांगितलेलीच नाही.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी दहा वर्षांची होते. आम्ही पिंजारी. कापूसच पिकला नाही, तर अब्बा पिंजणार काय? गाद्या-रजया कोण भरून घेणार? घरात दाणा नव्हता. सरकारने रस्त्याची, तलावाची, खडी फोडण्याची कामे काढली. विहिरीपलीकडे एकटी न गेलेली माझी अम्मी एका सकाळी अब्बांना म्हणाली, "मी पण जाते." गावात कुजबुज झाली, घरंदाज बाई खडी फोडायला बसली म्हणून. अब्बा काही बोलले नाहीत. त्यांच्याबरोबरच अम्मी उन्हात बसून खडी फोडत होती. बोटांना चिंध्या बांधलेल्या. पदर पाण्यात भिजवून डोक्यावर घ्यायची आणि त्याचेच टोक दातांत धरून हातोडी मारायची. पदर खाली पडू दिला नाही आणि हातोडीही थांबू दिली नाही. कामावर सुकडी मिळायची, ती आमच्यासाठी बांधून आणायची. परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी आम्ही खाल्ल्या. तसल्याच कामांतून पुढे महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. आमच्या गावचा तो रस्ता अजून आहे. पुढे त्यावरून एस. टी. धावू लागली. अम्मी गाडीत बसली की दर वेळी खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणायची, "ही खडी माझी."

सांगून झाले. सून बराच वेळ गप्प होती. नीसचा रस्ता ज्यांनी पैसे दिले त्यांच्या नावाने ओळखला जातो. ज्यांनी दगड वाहिले त्यांचे नाव कुठे नाही. आमच्या गावच्या रस्त्याला तर नावच नाही. पण दोन्ही रस्ते भुकेने बांधलेले आहेत, आणि दोन्हींवरून आज लोक निवांत जातात.

सुनेने पिशवीतून ती गवती टोपी काढली आणि नातीच्या डोक्यावर घातली. मग माझ्या स्कार्फची वाऱ्याने सुटलेली कड तिने स्वतःच्या हाताने आत खोचली. तिने माफी मागितली नाही. मला तिची गरजही वाटली नाही.

चार वाजता व्हिलफ्राँशला परतलो. जुन्या गावात घरांच्या खालून जाणारी एक बोगद्यासारखी गल्ली आहे, तेराव्या शतकातली. भर दुपारी तिथे दिवा लागतो. तिच्यातून बाहेर पडून आम्ही पायऱ्या चढू लागलो. गुडघे आता खरेच दुखत होते. दर वीस पायऱ्यांना थांबत, सुनेचा हात धरत वरच्या रस्त्यावर पोचले. खाली सगळी खाडी दिसली. आमचे ते गावाएवढे जहाज नातीच्या खेळण्याएवढे झाले होते. पांढरे, पाण्यावर अगदी स्थिर. उतरते ऊन त्याच्या एका अंगावर पडले होते. मी फोटो काढला नाही. फोटो त्याने शंभर पाहिले असतील. मी नीट बघितले, कारण मला सांगायचे होते.

रात्री हे मोनाकोच्या मोटारी सांगून थकले. तिथल्या जुगारघराबद्दल म्हणाले, "त्यांच्या स्वतःच्या नागरिकांना तिथं खेळायला बंदी आहे म्हणे. म्हणजे जुगार वाईट, हे त्यांनाही माहीत आहे!" सगळे हसलो.

दाभोळचा मुलगा चादर सारखी करायला आला तेव्हा मी त्याला खुर्चीवर बसायला सांगितले. तो बसला नाही, पण उभ्याउभ्याने सगळे ऐकले. पायऱ्या, अंधारी गल्ली, खाडीचा आकार, पाण्याचे तीन रंग, उन्हातले जहाज. मी वर्गात सांगायचे तसे हाताने हवेत नकाशा काढून दाखवला. ऐकून झाल्यावर त्याने विचारले, "आपली ही खिडकी दिसली का, चाची?"

मी म्हटले, "ओळखता आली नाही रे. सगळ्याच खिडक्या चमकत होत्या."

तो खुशीत हसला. "म्हणजे बरोबर पुसल्यात."

घरी आल्यावर बायकांनी विचारले, काय काय पाहिले. मी किनारा सांगितला, लिंबे सांगितली, निळ्या खुर्च्या सांगितल्या. इस्राफ झाला का, हा प्रश्न मी अजून स्वतःला विचारते. पैशाचा हिशेब मुलाचा. पण बघायला मिळालेल्या डोळ्यांचा हिशेब माझा आहे.

या हिवाळ्यात, आईबाप ऊसतोडीला गेलेल्या मुलांच्या हंगामी वसतिगृहातली काही मुले घेऊन मी आपल्या बीडची खजाना बावडी दाखवायला गेले. निजामशाहीच्या काळातली, सोळाव्या शतकात बांधलेली ही विहीर. जमिनीखालच्या नहरींतून तिचे पाणी खेळते. बरीच मुले याच तालुक्यातली, पण एकाही मुलाने ती पाहिलेली नव्हती. सगळी काठावर ओणवी झाली. एका पोराने विचारले, "बाई, हिचं पाणी कुठून येतं?"

मी जमिनीवर काठीने नकाशा काढायला बसले.